आडवा हात

भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं तशी वाफ चष्म्यावर बसली. चष्मा पुसायला रुमाल काढताना गुरुजींच्या बोटांना खिशातलं ते पत्र पुन्हा लागलं. थंडी सुरू होताना आलेलं, अजून उत्तर न दिलेलं. घडीवर ते आता विरायला लागलं होतं.

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईचं पत्र. तिची मुलगी गुरुजींच्याच वर्गात होती. सुट्टीत तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मग बाई हे गाव सोडून भावाकडे राहायला गेली आणि तिथून तिने लिहिलं होतं:

‘गुरुजी, मी रोज तिचं ताट वाढते. इथे ती येत नाही. हे घर तिला माहीत नाही. दुपारचं ती शाळेतच जेवायची. तिथे येते का, तेवढं कळवा. ती जेवली हे कळल्याशिवाय मला घास उतरत नाही.’

‘पत्र मिळाले’ एवढं लिहून गुरुजींचं पेन दर वेळी थांबायचं. नाही म्हणावं, तर त्या माउलीच्या तोंडचा उरलासुरला घास काढून घेतल्यासारखं. हो म्हणावं, तर खोटं. निदान तेव्हा तरी ते खोटं होतं.

“गुरुजी, नुसत्या वाफेनं पोरांची पोटं भरायची नाहीत,” चुलीपाशी उभ्या असलेल्या स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या. “डाव हलू द्या.”

“हो, हो. चष्मा जरा...”

“चष्म्याचं काय काम तुम्हाला? वर तर कधी बघत नाही. लग्नातसुद्धा खाली मान घालूनच उभे असाल. नवरी बदलली असती तरी पत्ता लागला नसता.”

गुरुजी ओशाळं हसले. खाली मान घालून वाढायची रीत त्यांचीच होती. शाळेत फुकट जेवण सुरू झालं, तेव्हा मुलं ताट पुढे करताना लाजून चूर होत. वाढणाऱ्याची नजर तोंडावर पडली की भूक असूनही नको म्हणत. बुजरेपणा म्हणजे काय हे गुरुजींना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी ठरवलं, वाढताना ताटाकडे बघायचं, तोंडाकडे नाही. पुरे झालं की मुलाने ताटावर हात आडवा धरायचा. हात दिसेपर्यंत वाढत राहायचं. मावशींनीही तेच उचललं. त्यामुळे जेवणाच्या खोलीत कोण किती खातं, कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि कोण कोण खातं, तेही.

पत्र आल्यानंतरच्याच आठवड्यात, नळाजवळच्या शेवटच्या बाकावर, ताटाशेजारी त्यांना तो हात दिसला होता. करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. त्या मुलीची करंगळी शाळेच्या फाटकात चेंगरली तेव्हा मोडक्या फूटपट्टीचा तुकडा लावून ती गुरुजींनीच बांधली होती, आणि ती वाकडीच बसली होती.

त्यांनी भात वाढला होता. हात आडवा झाला नाही. आणखी वाढला. तरी नाही. पातेलं संपलं तेव्हा ते मागे फिरले होते.

करंगळी असेल दुसऱ्या कुणाची, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी नखं तपासायच्या निमित्ताने वर्गावर्गात जाऊन सगळ्यांना हात पुढे करायला लावले. हात मळलेले होते, शाईने भरलेले होते. करंगळ्या मात्र सगळ्या सरळ होत्या.

तेव्हापासून तो हात रोज होता.

“मावशी,” त्यांनी आज डाव हातात घेत विचारलं, “त्या शेवटच्या बाकावर...”

मावशींनी चुलीतली राख सारखी केली. बोलल्या तेव्हा आवाजात थट्टा नव्हती.

“तिथलं ताट मला घासावंच लागत नाही. चाटूनपुसून लख्ख. तिची सवयच होती ती.”

“तुम्ही पाहिलंत?”

“मी कशाला बघू? वर बघायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?” मग पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, “सोमवारपासून डबे येणार. बंद डबे, वर नाव चिकटवलेलं. ज्याचं नाव पटावर, त्याचाच डबा. मग तिला कुठलं ताट?”

पातेलं उचलून गुरुजी बाहेर आले.

एकेका ताटात भात पडत गेला, हात आडवे होत गेले. मुलं कलकलत होती, कुणी कुणाला कोपर मारत होतं. शेवटच्या बाकाशी आले तेव्हा ती कलकल भिंतीपलीकडून यावी तशी झाली. नळ थेंब थेंब गळत होता.

ताट होतं. ताटाशेजारी हात होता.

त्यांनी वाढलं, वर भाजी घातली. थांबले. करंगळी हलली नाही. ताटातला भात संपला. त्यांनी पुन्हा वाढलं. मागे मुलं उठली, ताटं नळावर वाजली, खोली रिकामी झाली. गुरुजी वाढत राहिले. पातेलं खरवडून झालं तेव्हा मावशी दुसरं घेऊन आल्या. ते मावशींच्या स्वतःच्या घरी न्यायच्या भाताचं होतं. खाली ठेवताना त्यांनीही मान वर केली नाही.

गुरुजींचं मनगट भरून आलं. मान वर करावी, एकदाच बघावं, असं त्यांना फार वाटलं. चष्मा घामाने घसरत होता. पण ती लाजेल, असं त्यांच्या मनात आलं आणि ते ताटाकडेच बघत राहिले.

“सावकाश गं,” ते म्हणाले. “घाई नाही.”

डाव पुन्हा ताटावर गेला, आणि हात आडवा झाला.

लहानसा तळवा, बोटं पसरलेली, करंगळी वाकडी. बोटांच्या फटींतून वाफ वर येत होती. शाळेत होती तेवढे दिवस या हाताने पुरे असं कधी म्हटलं नव्हतं.

गुरुजींनी डाव मागे घेतला. डोळे पुसून पाहिलं तेव्हा समोर फक्त ताट होतं. लख्ख.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. मावशींच्या वाणसामानाच्या कागदाची मागची बाजू, त्यावर शाळेच्या दौतीतली शाई. या खेपेला पेन थांबलं नाही.

‘ती इथे येत होती. आज पोटभर जेवली. हात आडवा धरला. आता तुम्ही जेवा.’

पाकीट आत पडल्याचा आवाज झाला. गुरुजी खाली मान घालूनच शाळेकडे वळले.