पखालवाल्या सांडूला जपणारा टॅब

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. काच तडकलेली, तोंड काळं पडलेलं. पण माझाही एक काळ होता.

करमाडच्या अलीकडं नव्या वसाहतीत लक्ष्मण वायरमननं मला लेकीसाठी, ओवीसाठी आणलं. इमारती भराभर वर गेल्या, नळ मात्र कोरडेच. टँकर आला की हंडे भरायचे.

दर रविवारी ओवी, तिचा शेजारचा दोस्त चिन्मय आणि लक्ष्मण टेबलाभोवती खेळायला बसत. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, फासे टाकायचे, पडेल ते दान सोसायचं. ती पात्रं घडवायचं काम माझं. चेहरा, ताकद, हिंमत, अगदी आवाजसुद्धा मी देई.

"ह्यात काय करता गं?" लक्ष्मणाची आई सत्यभामा विचारी.

"माणसं घडवतो, आजी."

"घडवा बाई. हाडामांसाची घडवलीत, ती कुठं सरळ वागतात."

लक्ष्मणनं घडवला पखालवाला सांडू. त्याची पाण्याची कातडी पखाल कधी रिती होत नसे. त्याला लक्ष्मणनं माझ्यात बोलून स्वतःचा आवाज दिला, "ओवे, तू फासा टाक गं, पाणी मी आणतो."

पुढच्या उन्हाळ्यात जालना रोडवर अपघातात लक्ष्मण गेला.

ओवी मग एकटीच सांडूला बोलवी. आजी रडेल म्हणून कानात इअरफोन घालून ऐके. चिन्मय म्हणायचा, "अगं, तो आवाज दुसरीकडं उतरवून ठेव." ती म्हणे, "करते." केलं नाही. माणसं आम्हाला अमर समजतात.

त्या साली पावसानं पाठच फिरवली. खंडेनवमी आली. सत्यभामेनं पाटावर लेकाची हत्यारं मांडली. पक्कड, टेस्टर, ड्रिल आणि शेवटी मी. स्वतःच्या अंघोळीतलं पाणी वाचवून तिनं तांब्यात राखलं होतं. एकेक हत्यार तिनं धुतलं, पदरानं पुसलं. मलाही तसंच. तडकलेल्या काचेतून पाणी आत शिरलं. वर गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. इतका मान मला कधी मिळाला नव्हता, आणि मी मरत होतो.

ओवी क्लासवरून आली. "आजी, हा ओला कसा?"

"धुतला. तुझ्या बापाची हत्यारं पारोशी पुजायची व्हय?"

ओवीनं बटण दाबलं. परत दाबलं. छावणी बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं मला उघडून पाहिलं अन् मान हलवली. "ताई, आत काय नाय राहिलं."

घरी सत्यभामा म्हणाली, "तोंड नको पाडू. दुसरा घेऊ."

"दुसऱ्यात बाबा नाहीत, आजी. बाबांचा आवाज ह्यात होता."

म्हातारीची जीभ लई धारदार. उभ्या वसाहतीला ठाऊक. त्या दिवशी तिनं मला मांडीवर घेतलं. गंध लावलेलं बोट ती पदराला पुसत राहिली.

आता वसाहतीत नळाला पाणी येतं. ओवी फासे हातात धरत नाही. दर खंडेनवमीला मी पाटावर असतो. सत्यभामा तांब्या लांब ठेवते आणि मला कोरड्या फडक्यानं पुसते. मग कानाशी धरते. मी काय ऐकवणार?

मित्रांनो, ज्यात तुमचं माणूस ठेवलंय त्याची दुसरी प्रत आजच काढा. आणि घरातल्या म्हातारीला सांगा, आत कोण आहे ते. रडली तर रडू द्या. आत लेक आहे हे सत्यभामेला ठाऊक असतं, तर तिनं मला पाटावर ठेवलंच नसतं. उशाशी घेतलं असतं.