भोकाजवळचं अक्षर

अनुराधानं चकती खिडकीतल्या उन्हात तिरपी धरली. समोरून नुसतं गुळगुळीत पितळ; तिरप्या उजेडात मात्र झिजलेल्या अक्षरांची सावली पडत होती. सौंसरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई जुनी नाणी ओळखतात, असं ऐकून प्रभाकर हवालदार मोहगावच्या नत्थूजींना आणि त्यांच्या बायकोला, देवकाबाईंना, प्रयोगशाळेत घेऊन आला होता.

गेल्या महिन्यात तिगावजवळ एक माणूस रेल्वेखाली आला. चेहरा उरला नव्हता. अग्नी पोलिसांनीच दिला. ओळखीला राहिली ती त्याच्या करदोड्यात ओवलेली ही चकती.

"आर, ए, एम," हवालदार वाकून म्हणाला. "राम झालं का नाही?"

देवकाबाईंचा पदर तोंडाशी गेला.

"माह्या गुणवंताच्या करदोड्यात रामच होता," त्या म्हणाल्या. "यायनं लढाईवरून येतानी रंगूनहून आणला. चार वर्सं झाले पोराले घर सोडून."

नत्थूजी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता पाहत राहिले.

अनुराधानं चकतीवर पातळ कागद ठेवला आणि मऊ पेन्सिल हलक्या हातानं फिरवली. तीन अक्षरं उमटली, पण ती एका बाजूला सरकलेली होती. त्यांच्या आधी भोक. तिनं भिंग धरलं. भोकाच्या दोन्ही अंगांना आडव्या रेघेची टोकं होती, खाली उभ्या रेघेचा बुडखा.

"मावशी, आधी एक अक्षर होतं. टी. हा राम नाही, ट्राम आहे. परदेशातल्या ट्रामगाडीचा बिल्ला, तिकिटासारखा."

"गाडीचा? देवाचा नाही?"

"नाही."

देवकाबाईंनी पदर खाली सोडला.

"मंग आमचा नाही. माह्या पोराच्या अंगावर देव होता." त्या हवालदाराकडे वळल्या. "तुमाले वाचता नाही येत का, साहेब? जीव घेतला ना माहा."

"आमचं इंग्रजी मोटारीच्या नंबरापुरतं, माय."

"कोनाचं लेकरू असन बिचारं," म्हणत त्या पायऱ्या उतरल्या. हवालदार बिडी काढत मागोमाग गेला.

नत्थूजी उठले नाहीत.

"बाई, ते भोक म्याच पाडलं."

अनुराधानं भिंग खाली ठेवलं.

"पह्यले दोन लेकरं वाचले नाही. गुणवंता झाला तं तिले देवाचं काही पाह्यजे होतं. माह्यापाशी हेच होतं. पलटणीत चार अक्षरं शिकलो होतो. पह्यलं गेलं का राम राह्यते. तिथंच खिळा ठोकला."

"काका, मग त्यांना..."

"तिले नका सांगू."

त्यांनी चकती बोटानं एकदा चाचपली, टेबलावर ठेवली आणि ते बाहेर गेले.

थोड्या वेळानं अंगणातल्या नळाचा आवाज आला. अनुराधा खिडकीशी गेली. नत्थूजी कपड्यांसकट नळाखाली बसले होते, डोक्यावरून पाणी घेत.

"काय करून राह्यले हे, एवढ्या थंडीत?" देवकाबाई म्हणाल्या.

"काही नाही." त्यांनी धोतराचा सोगा पिळला. "रस्त्यानं धूळ लय होती."