दुसऱ्या रिमोटमधली चकती

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी बहिणीने व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या रिमोटचा शेवटचा स्क्रू काढला. एकवीस वर्षं माळ्यावर पडून त्याची बटणं चिकटली होती. घड्याळदुरुस्तीच्या टेबलावरचा दिवा जवळ ओढून तिने झाकण उचललं.

भाऊ टीव्हीमागे वायरी जोडत होता. दोन दिवसांसाठी आला होता. टेबलाला लागूनच वडिलांची खुर्ची. त्यांना आता फक्त उजेड आणि सावल्या कळत.

"तीन डाव," भाऊ म्हणाला. "जो हरेल त्याच्याकडे बाबा. मागच्यासारखंच."

"मी काय ट्रंक आहे का रे?" वडील हसले.

मागच्या वेळी ती सतरा वर्षांची होती. आई नुकतीच गेली होती. दोघांपैकी एकालाच बाहेर शिकायला जाता येणार होतं, दुसऱ्याने वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसायचं होतं. वडील म्हणाले होते, "मी कुणाची बाजू घेणार नाही. खेळून ठरवा." हाच दुसरा रिमोट हातात घेऊन ती हरली. भाऊ डॉक्टर झाला, ती डोळ्याला भिंग लावून या टेबलाशी बसली. कुरकुर केली नाही. आपल्याला खेळताच येत नाही, त्याला कोण काय करणार?

आता परगावच्या एका प्रशिक्षण केंद्राने तिला घड्याळदुरुस्ती शिकवायला बोलावलं होतं. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

वार अडवायच्या बटणाखाली, रबर आणि सर्किटच्या पट्टीच्या मध्ये, नखाएवढी पारदर्शक चकती होती. तिच्या कडेला चिमटा अडकवायला एक खाच. विकायच्या नव्या घड्याळांत सेलखाली अशीच चकती ठेवत, म्हणजे वीज अडून घड्याळ विकेपर्यंत बंद राही. अशा चकत्या बाजारात तयार मिळत. खाच पाडून हाताने कापणारा माणूस तिने एकच पाहिला होता.

"दादा, हा रिमोट तू कधी उघडला होतास?"

"मी? मला मनगटावरच्या घड्याळाची वेळ लावता येत नाही."

वडिलांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. बोटं थांबली.

तिने चिमट्याने चकती उचलली, ट्रेमध्ये ठेवली आणि बारीक भाग झाकायला वडिलांनी शिकवलं होतं तशी वर घड्याळाची एक सुटी काच पालथी घातली. मग स्क्रू घट्ट केले.

"झालं का गं? आज तू पहिला रिमोट घे हवं तर," भाऊ म्हणाला. "वयाचा मान."

"धाकटी आहे मी."

"दुसराच दे तिला," वडील म्हणाले. "तिच्या हाताला सवय आहे."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते टीव्हीच्या उजेडाकडे तोंड करून बसले होते.

"हो," ती म्हणाली. "मला दुसराच."

पहिला डाव अर्ध्या मिनिटात संपला. तिचा पैलवान तीनदा कण्हला आणि आडवा झाला.

"अगं, बटणं आहेत ती. धुणं नाही धोपटायला."

दुसऱ्या डावात भावाच्या पैलवानाने उडी मारून लाथ झाडली. तिने वार अडवायचं बटण दाबलं. पडद्यावर तिच्या पैलवानाने दोन्ही हात तोंडासमोर धरले. कण्हणं आलं नाही. नुसतं कोरडं 'टक' झालं.

"अरे वा, हे कधी शिकलीस?"

पुन्हा 'टक'. मग पुन्हा. वडिलांची मान आवाजाच्या दिशेने वळली. ती बाकीची बटणं आंधळेपणानेच कुटत होती, पण तो डाव तिने घेतला.

"एक-एक," भाऊ सावरून बसला. आता तो हसत नव्हता.

वडिलांनी हात लांबवून टेबल चाचपलं. चिमटा लागला, स्क्रू ड्रायव्हर लागला, मग ट्रेची कड. त्यांची बोटं पालथ्या काचेवर पोहोचली आणि तिथेच राहिली.

तिने ते पाहिलं आणि नजर पडद्यावर आणली.

पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी तिसरा डाव सुरू झाला.