आक्कासाठी रंगवलेली वाट

थापा मारायची सवय, म्हणून सगळे त्याला थापाड्याच म्हणत. वनखात्यात थापाड्याचं काम एकच: झाडाखडकांवर पिवळे पट्टे ओढायचे, म्हणजे रानात हिंडायला गेलेली माणसं दिवेलागणीला घरी पोचतात. एका पट्ट्यापाशी उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे, हा नियम. आणि वरच्या डोहाकडे एकही पट्टा ओढायचा नाही, हा त्याहून मोठा नियम. तिथं पाणमांजरं पिल्लं वाढवत.

डोह थापाड्यानंच हुडकलेला. थोरल्या बहिणीला, आक्काला, तो सांगे की तिथली शांतता इतकी दाट, चालताना हातानं बाजूला सारावी लागते. आणि पाणमांजरं मासा खाऊन झाला की हात पुसायला त्याचा रुमाल मागतात. आक्का गुडघ्याला तेल चोळत हसायची. एकदा बघायचंच म्हणायची, पण कुणाचा हात धरून नाही, आपल्या पायांनी.

आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि थापाड्याला राहवेना. बहिणीपुरत्या चार पट्ट्यांनी काय आभाळ कोसळतंय? तिची नजर अधू, म्हणून पट्टे जवळजवळ आणि चांगले हातभर लांब ओढले. इतकं निगुतीनं काम त्यानं खात्यासाठी जन्मात केलं नव्हतं.

पण गुडघा बरा व्हायला रेंगाळला, आणि रस्ता इतका सोपा की चपला घातलेली माणसंही डोहापर्यंत पोचू लागली. कुणी गाणी लावली, कुणी पाण्यात साबण लावून कपडे धुतले. खात्याच्या साहेबीणबाईंनी बोलावून झाडलं नाही, नुसता तारेचा ब्रश हातात दिला. थापाड्यानं तळहात सोलेपर्यंत खडक घासले. रंग निघाला. पायांनी मळलेली वाट काही निघेना.

आक्का अखेर निघाली तेव्हा पट्ट्यांची गरजच उरली नव्हती. काठी टेकत, दमत, कुणाचा हात न धरता ती पोचली. काठावर चिप्सची पाकिटं, पाण्यावर तेलकट तवंग. पाणमांजराच्या जातीचं कुणी नाही. ती दगडावर बसून बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे रे," ती म्हणाली. "तू सांगायचास त्याहून छान."

थापा मारण्यात हयात गेलेल्या माणसाला दुसऱ्याची थाप ओळखायला वेळ लागत नाही. त्यानं खाली वाकून एक पाकीट उचललं, मग दुसरं.

उतरताना वर येणाऱ्या एका कुटुंबानं विचारलं, डोह अजून किती लांब? खूप लांब, असं सांगायला थापाड्यानं तोंड उघडलं. पण त्यांच्या पायाखाली वाट इतकी रुंद, सरळ पडली होती, की तो आक्काला घेऊन कडेला सरकला आणि त्यांना जाऊ दिलं.