शंभरांपैकी ऐंशी

कौमुदीने कोरा तक्ता टेबलावर सरकवला आणि पेन उघडून भीमसेनरावांच्या हातात दिलं.

"समजा, शंभरांपैकी ऐंशी जण म्हणाले, तुमची कॉफी आवडली. तर तुम्ही काय कराल, ते इथे लिहा. वीसच जणांना आवडली, तर काय, ते खाली."

"सर्वेच्या आधी उत्तर लिहायचं? हे काय उलटं, अम्मा?" भीमसेनराव त्या पोरीला म्हणाले.

"उत्तर नाही. उत्तर मिळाल्यावर तुम्ही काय करणार, तेवढंच."

अण्णा नगरात कॉफी भाजून दळून विकायचं भीमसेनरावांचं दुकान तीस वर्षांचं. त्यांची मुलगी रंजनी हिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीच्या नव्या आयटी कचेऱ्यांजवळ दुसरं दुकान काढायचं होतं. वडील ऐकत नव्हते. शेवटी ठरलं, सर्वे करून काय ते बघू. उद्या सकाळी कौमुदीच्या सर्वे कंपनीची आठ माणसं प्रश्नावली घेऊन पेरुंगुडीत उभी राहायची होती. "करारावर सही घे आणि ये," तिचे साहेब उमाकांत यांनी निघताना बजावलं होतं, "तिथे शिकवणी काढून बसू नकोस." पण कौमुदी मुलखाची हट्टी. मागच्या वर्षी, गिऱ्हाइकाला नेमकं काय ठरवायचं आहे हे न विचारताच तिने चारशे घरं पालथी घातली होती, आणि त्या गिऱ्हाइकाने अहवाल उघडूनही पाहिला नव्हता. तो राग अजून गेला नव्हता. हे काम हातचं गेलं तर उमाकांत दुसरं देणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं.

भीमसेनरावांनी लिहिलं. दोन्ही ओळींत एकच शब्द होता, नाही.

तिने दुसरा तक्ता शेजारी बसलेल्या रंजनीपुढे ठेवला. रंजनीने झरझर लिहिलं. ऐंशी असले तर दुकान काढायचं, वीस असले तरी काढायचं.

कौमुदीला हसूही आलं आणि चीडही. दोघं एकाच माळेचे मणी.

"मग माझ्या शंभर माणसांचं इथे काही काम नाही," ती म्हणाली. "कॉफी आवडते की नाही, हा तुमचा प्रश्नच नाही. भीमसेनराव, काय कळलं तर तुम्ही हो म्हणाल?"

त्यांनी तक्ता तिच्याकडे परत सरकवला. तिने दोन मिनिटं वाट पाहिली आणि मोबाइल काढला.

"साहेब, उद्याची माणसं थांबवा. नाही, सही नाही घेतली. घेणारही नाही."

पलीकडचं ओरडणं खोलीभर ऐकू आलं. तिने शांतपणे फोन बंद केला आणि कागद गोळा करायला घेतले.

"अय्यो, नोकरीवर बेतेल की तुझ्या," भीमसेनराव म्हणाले.

"बेतू दे. खोटा प्रश्न घेऊन मी उन्हात माणसं उभी करणार नाही."

त्यांनी आतल्या भट्टीकडे पाहिलं.

"रंजनी तिकडं गेली, तर भट्टीपाशी कोण उभं राहील?"

"तुम्ही, अप्पा," रंजनी म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हीच होता की!"

"मला वास येत नाही, रंजनी."

रंजनीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"गेल्या पोंगलला ताप आला, तेव्हापासून. दाणा भाजला की जळला, काही कळत नाही."

"दर घाण्याला मला हाक मारता. 'झालं का, बघ' म्हणता." रंजनी म्हणाली. "मला वाटलं, अप्पांना माझी पारख पटली."

"पटली नसती, तर त्याच दिवशी भट्टी विझवली असती."

रंजनीने ओढणीने डोळे पुसले. कौमुदीने कोऱ्या कागदावर वर लिहिलं: 'भट्टीसाठी दुसरा माणूस किती दिवसांत तयार होईल?' कागद तिने दोघांच्या मध्ये ठेवला. भीमसेनरावांनी तो दोनदा वाचला आणि न मागता खाली सही केली.

"अक्का! घाणा बघायला या," रंगा या भट्टीवरच्या मदतनीसाने आतून हाक मारली.

रंजनी उठली. भीमसेनरावांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"रंगा, आज तूच वास घे," ते आत बघून ओरडले. "जळला तर जळू दे."

आतून भट्टीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तिघंही दाराकडे बघत बसले.