घरच्या स्लाइडा

बाबांनी केलेल्या स्लाइडा बुरशीनं पार खाल्ल्या होत्या. पत्र्याच्या पेटीतून काढून अर्पितानं एकेक उजेडात धरली, तर माणसांच्या जागी नुसती जाळी. निगेटिव्ह मात्र बटरपेपरच्या पाकिटांत धडधाकट होत्या. त्या पाहून तिच्या मनानं घेतलं, यांवरून स्लाइडा पुन्हा करायच्या.

कारण आई. बाबा गेल्यापासून आई स्वयंपाक करी, आल्यागेल्याला चहा देई, पण त्यांचा विषय निघाला की उठून जाई. फोटो पुढे केला तर म्हणे, "ठेव तिकडं." मेहकरातल्या या घरात इंद्रभान फोटोवाले म्हणून कुणी राहतच नव्हतं, असं व्हायला लागलं होतं. ते अर्पिताला फार जड जाई. पूर्वी रविवारी दुपारी बाबा खिडक्यांना वाकळी लावून भिंतीवर स्लाइडा दाखवत, तेव्हा या बाईच्या तोंडाला खळ नसे. भिंत पुन्हा उजळली तर आई बोलेल, एवढाच तिचा आडाखा.

सिनेमाच्या प्रती काढायची फिल्म तिनं मुंबईहून मागवली. खाली दिवा, त्यावर दुधी काच, काचेवर निगेटिव्ह आणि वर कॅमेरा. उलट्याचं उलटं केलं की सुलटं उमटतं, हे बाबांनीच तिला शिकवलेलं. अडचण रंगांची. दिव्यावर रंगीत पारदर्शक कागद ठेवून ते जुळवावे लागत, आणि तेही उलट्या हिशेबानं: चित्रात लाल वाढवायचा तर कागद आकाशी. जुळले की नाही हे कळायला बाबांची युक्ती होती. प्रत्येक रोलच्या पहिल्या फ्रेममध्ये आई ओंजळीत कापूस घेऊन उभी. कापूस पांढरा आला की बाकीचे रंगही खरे.

फिल्म धुवायच्या दिवशी गजेंद्रकाका न्हाणीघराच्या दारात बसले होते.

"अर्पे, मोबाइलवर नाई का होत हे? दोन मिनिटाचं काम, अन् तू कोंडून घेऊन राह्यली."

"काका, बादलीतलं पाणी गरम ठेवा. निवू देऊ नका."

"हाव बाई. बाळंतिणीवानी करतो तिचं."

पहिली खेप निळी पडली, दुसरी हिरवट. मग एकदाचा कापूस पांढराशुभ्र उतरला. अर्पितानं त्याच कागदांवर त्याच रोलमधली लोणार सरोवराची फ्रेम घेतली. रविवारी तिनं वाकळी टांगल्या आणि आईला हाताला धरून आणलं. आई आली, पण खुर्चीच्या काठावर टेकली.

भिंतीवर लोणारचं पाणी आलं. काठावर तरुण आई, अंगावर डाळिंबी साडी, कडेवर फ्रॉकातली अर्पिता. रंग असे नेमके, की अर्पिताला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आईनं पाहिलं. "चांगलं हाये," म्हणाली आणि उठली.

"आई, बस ना. नाही आवडलं का?"

"आवडलं ना. पण हे त्याईचं नाई."

"त्यांचंच आहे. त्यांनीच काढलाय."

"काढला त्याईनं. स्लाइड तुही हाये." आई दाराशी थांबली. "त्याईच्या स्लाइडीत ही साडी पेटल्यावानी दिसे. पाणी गुलाबी, कापूसबी गुलाबी. तू लहान होती, तुले तेच खरं वाटे."

"पण स्टुडिओतल्या फोटोंचे रंग तर बरोबर असत—"

"ते मी पाहून देत जावो. लाल जास्त झाला का कमी, मी सांगो अन् ते कागद बदलत. त्याईले लाल धड दिसेच नाई, पोरी. फोटोवाल्याले लाल दिसत नाई म्हटल्यावर गिऱ्हाईक उभं राह्यलं असतं काय? म्हणून कोणाले सांगतलं नाई. तुह्या काकालेबी नाई. घरच्या स्लाइडा मात्र मले इचारत नसत. त्याईले साडी लाल दिसेस्तोवर लाल घालत."

कापसाचा पांढरा रंग मिळवायला केलेली सगळी खटपट अर्पितासमोर भिंतीवर नीटनेटकी उभी होती आणि तिच्यात बाबा नव्हते.

आठवडाभर ती पुन्हा न्हाणीघरात होती. एकेक आकाशी कागद चढवत गेली. कुठे थांबायचं हे सांगायला कापूस नव्हता. साडी डोळ्याला खुपू लागली, तिथे तिचा हात अडखळला. मग तिनं आणखी एक कागद ठेवला.

रविवारी आई बोलावल्यावर आली, तशीच काठावर टेकली. प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरला आणि भिंतीवर लोणार लालेलाल झालं. पाणी, आभाळ, कडेवरच्या पोरीचे गाल, सगळं.

आई बराच वेळ पाहत राहिली. मग खुर्चीत मागे सरली, पाय वर घेतले, पदर तोंडाशी धरला आणि भिंतीकडे पाहूनच म्हणाली, "किती डाव सांगतलं तुमाले, जरा कमी करा म्हून. ऐकान तं शपथ!"

अर्पितानं दुसरी स्लाइड लावायची घाई केली नाही. आईचं अजून सांगून व्हायचं होतं.