गरम नळी

मुख्य विश्लेषकाची जागा मिळाली, तर थोरलीच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: वेगळी खोली आणि धाकट्या जावेचा पडलेला चेहरा. खरं तर खोली नसती तरी चाललं असतं. कालची आलेली धाकटी साऱ्या प्रयोगशाळेची लाडकी झाली होती, आणि थोरलीच्या पोटात दुखत होतं.

त्या जागेसाठी पारख म्हणून साहेबांनी दोघींना एकच द्रावण देऊन त्यात शिसं आहे का, ते विचारलं. थोरलीने घाईत आपलं द्रावण उकळून आटवलं आणि गरम असतानाच त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. शिसं असलं तर या आम्लाने पांढरा साका धरायला हवा; पण काहीच झालं नाही. शेजारी धाकटीची गार नळी मात्र दुधासारखी पांढरी झाली.

“ताई, जरा गार होऊ द्या ना.”

“आता तू शिकवणार मला? आधी नळ्या नीट धुवायला शीक!”

‘शिसं नाही’ असं लिहून, खाली झोकात सही ठोकून थोरली साहेबांकडे गेली आणि धाकटीच्या गलथानपणाचं तिखटमीठ लावून अर्धा तास वर्णन करत बसली.

साहेब टेबलापाशी आले, तोवर तिची नळी गार झाली होती. उकळत्या पाण्यात विरघळून लपलेला शिशाचा क्षार तळाशी पांढऱ्या सुयांसारखा चमकत होता.

खोली धाकटीला मिळाली. पडलेला चेहरा थोरलीला मिळाला, स्वतःचाच.